बँक माझ्या आयुष्यावर विमा काढू इच्छिते. संमतिपत्रावर सही करावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अमेरिकेतील एका बँकेत अधिकारी आहात आणि मनुष्यबळ विभागाने आपल्याकडे एक संमतिपत्र पाठवले आहे. बँक आपल्या आयुष्यावर विमा काढणार आहे, आपल्या मृत्यूनंतर विम्याची रक्कम बँकेला मिळेल आणि आपण नोकरी सोडल्यानंतरही हा विमा चालू राहू शकतो, असे त्यात लिहिले आहे. यामागे बँकेचा हेतू काय, कुटुंबाला यातून काही मिळते का आणि सही नाकारली तर चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. अशा विमा योजनांची आखणी आणि तपासणी हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी जरा विस्ताराने उत्तर देतो. सुरुवातीलाच माझे मत सांगतो. आपल्या पदावरील व्यक्तीने अशी संमती देण्यात सहसा धोका नसतो. मात्र या संपूर्ण व्यवहारात आपल्याला बोलण्याचा अधिकार असलेला क्षण हा एकच आहे, आणि तो विचारपूस न करता हातचा घालवू नये.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. नोकरीचा लाभ म्हणून मिळणारा गटविमा हा वेगळा विषय आहे. त्यात लाभार्थी आपण ठरवता, रक्कम आपल्या कुटुंबाला मिळते आणि पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या संरक्षणाचा खर्च मालकाने केला तरी तो आपल्या उत्पन्नात धरला जात नाही. महत्त्वाच्या व्यक्तीच्या मृत्यूने धंद्याचे होणारे नुकसान भरून काढण्यासाठी काढलेला ‘की पर्सन’ विमा हाही वेगळा; त्यात रक्कम कंपनीला मिळते, पण ती त्या नुकसानीच्या अंदाजाशी जोडलेली असते. आपल्यापुढे आलेले पत्र तिसऱ्या प्रकाराचे आहे. त्याला कंपनीच्या मालकीचा आयुर्विमा म्हणतात, आणि मालक बँक असल्यास ‘बोली’ (बँक-ओन्ड लाइफ इन्शुरन्स) या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. यात पॉलिसीची मालक बँक, हप्ता भरणारी बँक आणि लाभार्थीही बँक. आपला संबंध इतकाच की ज्याच्या आयुष्यावर पॉलिसी आहे ती व्यक्ती, म्हणजे विमेदार, आपण आहात.

बँकेचा हेतू आपल्या मृत्यूत शोधू नका, करकायद्यात शोधा. बँक बहुधा एकरकमी हप्ता भरते. त्या रकमेवर विमा कंपनी दरवर्षी जे व्याज जमा करते त्यावर, पॉलिसी मोडली नाही तोवर, आयकर लागत नाही, आणि विमेदाराच्या मृत्यूनंतर मिळणारी रक्कम कायद्याच्या अटी पाळलेल्या असल्यास करमुक्त असते. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. बँकेने रोख्यांत पैसे गुंतवले आणि त्यावर ५ टक्के व्याज मिळाले, तर २१ टक्के संघीय कंपनी कर वजा जाता हातात ३.९५ टक्के उरतात. त्याच पैशावर विमा पॉलिसीत सर्व खर्च जाऊन ४ टक्के जमा होत असतील, तर ते ५.०६ टक्क्यांच्या करपात्र व्याजाच्या बरोबरीचे ठरतात. २०१८ पूर्वी कंपनी कर ३५ टक्के होता, तेव्हा हेच ४ टक्के सव्वासहा टक्क्यांच्या आसपासच्या करपात्र व्याजाइतके भरत असत. म्हणजे करदर जितका चढा तितका हा विमा अधिक आकर्षक. पॉलिसीचे समर्पण मूल्य, म्हणजे ती मोडल्यास मिळणारी रक्कम, ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते आणि त्यात झालेली वाढ बँक उत्पन्न म्हणून दाखवते. पॉलिसी मध्येच मोडली तर साठलेली वाढ करपात्र होते, आणि एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीवर आणखी १० टक्के दंडकर बसतो. म्हणूनच बँका या पॉलिसी विमेदाराच्या मृत्यूपर्यंत सांभाळतात, मग तो विमेदार निवृत्त होऊन कितीही वर्षे झालेली असोत.

बँकांना हे मनमानी पद्धतीने करता येत नाही. संघीय नियामक संस्थांनी डिसेंबर २००४ मध्ये संयुक्त निवेदन काढून अपेक्षा स्पष्ट केल्या. विमा घेण्यामागे बँकेच्या कामाशी निगडित कारण हवे, जसे की कर्मचारी लाभांचा खर्च भरून काढणे; खरेदीपूर्वी संचालक मंडळाने अभ्यास केलेला हवा; आणि सर्व पॉलिसींचे एकूण समर्पण मूल्य बँकेच्या भांडवलाच्या २५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. आपल्या पत्रात ‘लाभ योजनांच्या खर्चाची तरतूद’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर त्याचे मूळ येथे आहे.

तरीही अशा विम्याबद्दल अनेकांच्या मनात राग आहे. तो का, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. ज्याच्या जगण्यात आपले हित नाही त्याच्या आयुष्यावर विमा काढणे म्हणजे त्याच्या मृत्यूवर पैज लावणे होय. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये असे सर्रास चालत असे, आणि १७७४ च्या कायद्याने त्याला पायबंद घातला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८८१ मध्ये वॉर्नॉक विरुद्ध डेव्हिस या खटल्यात हेच तत्त्व मांडले: विमा घेणाऱ्याला विमेदाराचे आयुष्य चालू राहण्यात खरेखुरे हित असले पाहिजे. मात्र हे हित पॉलिसी घेताना असले की पुरते. मृत्यूच्या वेळी ते शिल्लक असलेच पाहिजे असे नाही. आपण नोकरी सोडल्यावरही पॉलिसी चालू राहते याचे कायदेशीर कारण हेच आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जगण्यात कंपनीचे हित असते हे पटण्यासारखे आहे. दुकानात माल लावणाऱ्या किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या कामगाराच्या बाबतीत, ज्याच्या जागी कंपनी आठवड्याभरात दुसरा माणूस नेमते, ते कसे सिद्ध करणार? माझ्या मते ते सिद्ध होत नाही, आणि जेथे कायद्याने ते मान्य केले तेथे कायदा चुकला.

तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी नेमक्या अशाच कामगारांचे विमे हजारोंनी काढले, आणि त्याला कारणीभूत ठरली कर टाळण्याच्या युक्त्या रोखण्यासाठी केलेली एक दुरुस्ती. त्यापूर्वी कंपन्या थोड्या वरिष्ठांवर मोठ्या रकमेच्या पॉलिसी घेत, त्याच पॉलिसींच्या तारणावर विमा कंपनीकडून कर्ज उचलत आणि त्या कर्जाच्या व्याजाची करात वजावट घेत. १९८६ च्या कर सुधारणा कायद्याने ही वजावट दरडोई पन्नास हजार डॉलरच्या कर्जापुरती मर्यादित केली. मर्यादा माणशी होती, एकूण रकमेवर नव्हती. सल्लागारांनी त्यातून सरळ हिशेब काढला: डोकी वाढवली की वजावट वाढते. पंचवीस अधिकाऱ्यांऐवजी पंचवीस हजार कामगार विमेदार झाले, तर कर्जाची मर्यादा हजारपट होते. कर्मचाऱ्यांच्या यादीवरून एकगठ्ठा, वैद्यकीय तपासणीशिवाय पॉलिसी निघू लागल्या आणि पुष्कळ कामगारांना त्याचा पत्ताही नव्हता. या प्रकाराला पुढे ‘डेड पेझंट्स इन्शुरन्स’ (मेलेल्या गरीब शेतकऱ्यांचा विमा) हे संतापजनक नाव चिकटले.

पैसा कसा फिरत असे ते पाहण्यासारखे आहे. कंपनी हप्ता भरायची आणि त्याच दिवशी पॉलिसीच्या तारणावर जवळपास तेवढेच कर्ज घ्यायची. त्या कर्जावर ती चढ्या दराने व्याज द्यायची, आणि विमा कंपनी त्या व्याजाचा मोठा भाग पॉलिसीच्या मूल्यात परत जमा करायची. प्रत्यक्षात फारसा पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जात नव्हता. मागे उरत होती ती फक्त व्याजाची वजावट. विन-डिक्सी या किराणा दुकानांच्या साखळीने १९९३ मध्ये आपल्या जवळपास सर्व पूर्णवेळ कर्मचाऱ्यांवर अशा पॉलिसी घेतल्या. कर बाजूला ठेवला तर ही योजना दरवर्षी तोट्याची होती आणि कर बचत धरली तर साठ वर्षांत फायदा अब्जावधी डॉलरपर्यंत जाणार होता, हे कंपनीच्या स्वतःच्याच अंदाजपत्रकांत लिहिलेले होते. कर न्यायालयाने १९९९ मध्ये हा व्यवहार आर्थिक आशय नसलेला ठरवून वजावट नाकारली आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. कॅमलॉट म्युझिक या संगीत विक्री साखळीचे १,४३० कर्मचारी, अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवरचे सुमारे वीस हजार आणि डाऊ केमिकलचे सुमारे एकवीस हजार कर्मचारी ज्या योजनांत विमेदार होते, त्यांचेही तेच झाले. डाऊला खालच्या न्यायालयात यश मिळाले होते, पण २००६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला.

या खटल्यांतील एक तपशील सामान्य चर्चेत कधीच येत नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमलॉट आणि अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर यांच्या योजना मृत्यूच्या बाबतीत तटस्थ राहतील अशा बेताने आखल्या होत्या. प्रत्यक्षात मृत्यू किती झाले त्यानुसार विमा संरक्षणाचा खर्च मागाहून कमीजास्त केला जायचा, म्हणजे जास्त माणसे मेली म्हणून कंपनीला विशेष फायदा नाही आणि कमी मेली म्हणून विमा कंपनीला नाही. ज्यात मृत्यूची जोखीमच उरलेली नाही त्याला विमा म्हणावे तरी कसे? कामगारांची नावे केवळ वजावटीची मर्यादा वाढवण्यासाठी वापरली गेली. कंपन्या कामगार मरण्याची वाट पाहत होत्या, हा लोकांमधील समज म्हणूनच पुरता बरोबर नाही. पण कामगाराच्या आयुष्याची किंमत करपत्रकातील एका ओळीइतकी करणे आणि तेही त्याला न सांगता, हे माझ्या दृष्टीने कमी गंभीर नाही.

वॉलमार्टचे प्रकरण निराळ्या अंगाने गेले. या कंपनीने १९९३ ते १९९५ या काळात सुमारे साडेतीन लाख कर्मचाऱ्यांवर पॉलिसी घेतल्या आणि त्या जॉर्जिया राज्यातील एका न्यासामार्फत ठेवल्या. टेक्सासमधील एका मृत कर्मचाऱ्याच्या वारसांनी दावा केला, तेव्हा प्रश्न कराचा नव्हता, विमायोग्य हिताचा, म्हणजे विमेदाराच्या जगण्यात मालकाला असलेल्या वर सांगितलेल्या हिताचा होता. कोणत्या राज्याचा कायदा लागू होतो यावरच सगळे अवलंबून होते. २००४ मध्ये अपील न्यायालयाने टेक्सासचा कायदा लावला आणि त्या कायद्याखाली सामान्य कर्मचाऱ्याच्या आयुष्यात मालकाला असे हित नाही, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियाने तर २००३ मध्येच कायदा करून ओव्हरटाइमला पात्र असलेल्या कामगारांच्या आयुष्यात मालकाला विमायोग्य हित नसते असे ठरवले. हा विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्याचा असल्यामुळे, आपण ज्या राज्यात काम करता तेथील तरतूद वकिलाकडून तपासून घेणे इष्ट.

संघीय पातळीवर दोन दुरुस्त्यांनी चित्र बदलले. १९९६ मध्ये या कर्जांच्या व्याजाची वजावट मोजक्या प्रमुख व्यक्तींवरील पॉलिसी वगळता जवळपास बंद झाली, आणि साध्या कामगारांवर हजारोंनी पॉलिसी घेण्याचे आर्थिक कारण संपले. त्यानंतर पेन्शन प्रोटेक्शन कायद्याने १७ ऑगस्ट २००६ नंतरच्या पॉलिसींसाठी सूचना आणि संमती सक्तीची केली. आपल्या हातातील कागद याच तरतुदीतून आलेला आहे. पॉलिसी काढण्यापूर्वी मालकाने लेखी कळवले पाहिजे की विमा काढण्याचा इरादा आहे, जास्तीत जास्त किती रकमेचा विमा काढला जाऊ शकतो, आणि रक्कम मालकाला मिळणार आहे. कर्मचाऱ्याने विम्याला आणि तो नोकरीनंतरही चालू राहण्याला लेखी संमती दिली पाहिजे. संमतीनंतर वर्षभरात किंवा नोकरी संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल तोवर, पॉलिसी निघाली पाहिजे. एवढ्याने भागत नाही. विमेदार पॉलिसी घेताना संचालक किंवा जास्त वेतन घेणाऱ्या वर्गातील असावा (वेतनक्रमाने वरच्या ३५ टक्क्यांत असणे ही त्याची एक कसोटी आहे), नाहीतर मृत्यूपूर्वीच्या बारा महिन्यांत कधीतरी तो नोकरीत असावा, अथवा रक्कम त्याच्या कुटुंबाला मिळावी. हे पाळले नाही तर भरलेल्या हप्त्यांहून अधिक मिळालेली सर्व रक्कम मालकाच्या करपात्र उत्पन्नात जमा होते. शिवाय मालकाला दरवर्षी ८९२५ क्रमांकाच्या फॉर्मवर किती कर्मचारी विमेदार आहेत, विम्याची एकूण रक्कम किती आणि सर्वांची वैध संमती आहे का, हे कळवावे लागते.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की बँकेला आपली सही खरोखरच हवी आहे. ती नसताना पॉलिसी घेतली तर करमुक्ती जाते, आणि पश्चात सही घेऊन हा दोष सहसा भरून काढता येत नाही. एखाद्याने नकार दिला तर बँक बहुतेक वेळा त्याचे नाव यादीतून गाळते आणि पुढे जाते. पण नकार देणाऱ्याला संघीय करकायदा स्वतंत्र संरक्षण देत नाही. तो फक्त मालकाची करमुक्ती काढून घेतो. दुसरे असे की आपल्याला स्थगित वेतनाची (वेतनाचा काही भाग आता न घेता पुढे घेण्याची) किंवा पूरक निवृत्तिवेतनाची योजना देऊ केलेली असेल, तर तिच्या अटींत ही संमती गुंफलेली असू शकते. तेव्हा नकाराची किंमत ती योजना हीच असते, आणि निर्णय त्या दोहोंची तुलना करूनच घ्यावा.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. बँकेने आपल्या नावाने विमा घेतला आहे, म्हणजे आपले स्थगित वेतन त्या विम्याने सुरक्षित झाले, असे अनेक अधिकारी मानतात. तसे नाही. पॉलिसी बँकेची सर्वसाधारण मालमत्ता आहे. बँक बुडाली तर आपण स्थगित वेतनापुरते बिनतारणी धनको ठरता आणि पॉलिसीच्या मूल्यावर इतर धनकोंच्या आधी आपला हक्क नसतो. योजनेच्या माहितीपत्रकात दोन्ही गोष्टी शेजारी छापलेल्या असतात म्हणून त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत असे होत नाही. हे मी प्रत्येक सल्ल्यात आग्रहाने सांगतो, कारण याच समजुतीवर विसंबून लोक वेतनाचा प्रमाणाबाहेर मोठा भाग स्थगित ठेवतात.

आता कुटुंबाला काय मिळते. नुसत्या संमतिपत्रातून काहीही नाही. परंतु आपल्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना बँका अनेकदा विम्याचा काही भाग देऊ करतात, उदाहरणार्थ नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वेतनाच्या दोन किंवा तीन पट रक्कम कुटुंबाला. याला स्प्लिट डॉलर व्यवस्था म्हणतात. त्या भागाच्या संरक्षणाचे मूल्य आयकर खात्याच्या तक्त्यानुसार दरवर्षी आपल्या उत्पन्नात मिळवले जाते, जे तरुण वयात अगदी किरकोळ असते, आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मिळालेली रक्कम आयकरमुक्त असते. पत्रात याचा उल्लेख नसेल तर जरूर मागणी करा. बँकेने पॉलिसी आधीच ठरवलेली असल्याने तिच्यावर पडणारा भार मर्यादित असतो, आणि सही होण्यापूर्वी केलेली मागणी सही झाल्यानंतरच्या मागणीपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली जाते. असा भाग मिळत असेल तर तो निवृत्तीनंतर टिकतो का, हे नेमकेपणाने विचारा. २००८ पासून लागू झालेल्या लेखा नियमामुळे निवृत्तीनंतरच्या संरक्षणासाठी बँकेला ताळेबंदात देणे दाखवावे लागते, म्हणून बहुतेक बँकांनी हा लाभ नोकरीच्या काळापुरताच ठेवला आहे.

सहीपूर्वी आणखी काही गोष्टींची लेखी उत्तरे घ्यावीत. कमाल रकमेचा आकडा पत्रात स्पष्ट हवा. ‘योग्य ती रक्कम’ असे मोघम शब्द असतील तर सही करू नका, आणि ते बँकेच्याही हिताचे नाही. वैद्यकीय माहिती मागितली आहे का ते पाहा. अनेक जणांचे विमे एकत्र घेताना विमा कंपन्या बहुधा तपासणी टाळतात आणि आपण नियमित कामावर आहात एवढ्यावर समाधान मानतात. तपासणी मागितली असेल तर तिचे निष्कर्ष बँकेच्या मनुष्यबळ विभागापर्यंत जाणार नाहीत, याची हमी घ्या. नोकरी सोडल्यानंतर बँक किंवा तिचा प्रशासक आपला सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरून मृत्यूच्या नोंदी वेळोवेळी पडताळत राहील, कारण माजी कर्मचाऱ्याच्या मृत्यूची माहिती मिळवण्याचा त्यांच्याकडे तोच मुख्य मार्ग असतो. हा क्रमांक कोणाकडे आणि किती सुरक्षितपणे राहणार, हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. नोकरी सुटल्यावर विमा बंद व्हावा अशी आपली इच्छा असेल तर ती अटही आताच घाला. बँक बहुधा नकार देईल, कारण तिचे सारे गणित दीर्घ मुदतीवर उभे आहे, पण तो नकारही लेखी असू द्या.

आपण विचारले नाही, तरी घरात निघेल असा एक प्रश्न राहतो. आपला मृत्यू झाला तर बँकेला त्या तिमाहीत नफा होईल का? होईल, विम्याची रक्कम आणि समर्पण मूल्य यांतील फरक तिच्या उत्पन्नात दिसेल, आणि मृत्यू जितका लवकर तितका हा फरक मोठा. आपल्या कुटुंबाला कोणी हे कळवण्यास कायद्याने बांधलेले नाही. म्हणून संमतिपत्राची प्रत आपल्या स्वतःच्या विमा पॉलिसींसोबत ठेवा आणि त्यावर स्पष्ट लिहून ठेवा की या विम्याची लाभार्थी बँक आहे. कुटुंबाचा वाटा ठरला असेल तर त्याचा करार आणि नामनिर्देशनाचा कागद त्याच पाकिटात असू द्या. कुटुंबासाठी लागणारे संरक्षण ठरवताना बँकेच्या या पॉलिसीची रक्कम हिशेबात अजिबात धरू नका, आणि नोकरीबरोबर संपणारा गटविमाही अर्धवटच धरा. आपल्या मालकीची मुदत विमा पॉलिसी अजून नसेल, तर संमतिपत्राला उत्तर देण्याआधी तिचा अर्ज करा.